डावखुरा छत्रीवाला

सर मला शेवटपर्यंत 'सहा नंबर' म्हणत आले. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही, हजेरीपटावर त्यांनी स्वतःच ते वळणदार अक्षरात लिहिलं होतं. पण डोंबिवलीत स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता, तिथे मी खिडकीशेजारच्या सहा नंबरच्या मशीनवर बसायचे, आणि सरांच्या लेखी माणूस म्हणजे त्याचं मशीन. माझ्या लग्नात ते स्टेजवर आले, नवऱ्याच्या हातात पाकीट दिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सहा नंबर चांगली आहे. फक्त डावी करंगळी कमजोर आहे." नवरा सगळे विधी होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत होता.

सर टायपिंग डोळ्यांनी नाही, कानांनी तपासत. बारा मशीनं एकदम खडखडायला लागली की ते हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभे राहायचे. नवशिक्यांचं टायपिंग दुडक्या चालीसारखं वाजलं पाहिजे, तीसचा स्पीड आला की दौड, आणि चाळीसच्या पुढे चौखूर. ही त्यांची मोजमापं. "अकरा नंबर, तुमचा घोडा लंगडतोय. अनामिका उचला." अकरा नंबरवर बसणारा मुलगा दचकायचा, कारण त्याची अनामिका खरोखरच मागे पडलेली असायची.

हे सगळं घोड्यांचं वेड आलं होतं सिनेमातून. सर काउबॉयच्या इंग्रजी सिनेमांचे भक्त होते. तरुणपणी ते म्हणे दर रविवारी मुंबईला मॅटिनीला जात. धुळीचे रस्ते, टोप्या, पिस्तुलं, लाकडी दारं ढकलून आत येणारी माणसं, यांच्याबद्दल ते एखाद्याने आपल्या आजोळाबद्दल बोलावं तसं बोलायचे. स्वतः मात्र घोड्याला भयंकर घाबरत. आमची सरकारी परीक्षा कल्याणला असायची. स्टेशनबाहेर टांगे उभे असत. सर आम्हा मुलींना टांग्यात बसवायचे आणि आपण मागून पायी यायचे, तेही घोडा लाथ घालू शकणार नाही एवढं अंतर राखून. एकदा टांगेवाला म्हणाला, "या ना साहेब, गरीब जनावर आहे." सर म्हणाले, "ते त्याला माहीत आहे का?"

एवढंच असतं तर सर नुसतेच गमतीदार ठरले असते. पण त्यांची दुसरी एक खोड होती, ती सोसायला कठीण होती. पुढे काय होणार ते ते आधी सांगून टाकायचे. टायपिस्टचा डोळा बोटांच्या एक शब्द पुढे पाहिजे, हा पहिल्या धड्यातला नियम त्यांनी अख्ख्या आयुष्याला लावला होता. पुढचं माहीत असलं की माणूस चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांच्याच कॉलनीत राहायचो, त्यामुळे क्लास सुटला तरी सर सुटत नसत. घरी गेलं तर म्हणायचे, "आता कुकरची शिट्टी होईल, दचकू नकोस." शिट्टी व्हायची आणि मी नेमकी दचकायचे, कारण तोपर्यंत माझं सगळं लक्ष तिकडेच लागलेलं असायचं. विनोद सांगायचे ते शेवटापासून. कॉलनीतल्या एका लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी मुलीच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता दोन मिनिटांत तुम्ही रडाल." ते गृहस्थ जे बिथरले ते रडलेच नाहीत, आणि मुलीच्या सासरी त्याची पुढे बरेच दिवस चर्चा झाली.

या खोडीचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो काकूंनी. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. सर सांगतील त्याला "बरं" म्हणायच्या आणि आपल्याला हवं ते करायच्या. त्यांना मोठ्याने हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसण्यासारखं जे काही व्हायचं ते सरांनी आधीच सांगितलेलं असायचं, त्याला त्या तरी काय करणार.

सरांचा एक लाडका सिनेमा होता. विनोदी काउबॉयपट. त्याची गोष्ट क्लासमधल्या प्रत्येकाला पाठ होती. एका रखरखीत गावात सात वर्षं पाऊस नाही, आणि तिथे एक छत्र्या विकणारा फिरता विक्रेता येतो. त्याच्या हातातली लांबोडकी पेटी बघून गावाला वाटतं, हा कुणीतरी नावाजलेला बंदूकबाज आहे. लोक त्याला धरून त्या गावाचा फौजदारच करून टाकतात. त्याचा घोडा असा, की कुठेही गोळी सुटली की तिथल्या तिथे खाली बसतो. गावातल्या गुंडाशी शेवटी गाठ पडते तेव्हा हा भेदरलेला माणूस कमरेला लटकवलेली छत्री उपसतो, ती फटकन उघडते आणि गुंडाचे घोडे उधळतात. बस, एवढीच गोष्ट. सरांनी तो सिनेमा किती वेळा पाहिला होता ते त्यांनाच ठाऊक.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात ते काकूंना तो दाखवायला मुंबईला घेऊन गेले होते. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. मग सर अख्खा सिनेमाभर त्यांच्या कानाशी लागून सांगत बसले, प्रत्येक गोष्ट एक वाक्य आधी. बाहेर आल्यावर विचारलं, "कसा वाटला?" काकू म्हणाल्या, "बरा आहे."

हे 'बरा आहे' सरांना वीस वर्षं सलत होतं. ते मला त्यांनी स्वतः सांगितलं, रिबन बदलताना, शाईने बोटं काळी झालेली असताना. "सहा नंबर, त्या सिनेमाला 'बरा आहे' म्हणणारं माणूस माझ्या घरात आहे. एकदा, फक्त एकदा ती त्या घोड्याला हसली पाहिजे." मला हसू आलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. त्यांना ते खरंच लागलेलं होतं.

आमच्या कॉलनीत दरवर्षी सव्वीस जानेवारीला सार्वजनिक सत्यनारायण असायचा. संध्याकाळी आरती, शिऱ्याचा प्रसाद, आणि मग चार बिल्डिंगींच्या मधल्या पटांगणात पडद्यावर सिनेमा. पडदा म्हणजे शिवून जोडलेल्या दोन चादरी, बांबूंना ताणून बांधलेल्या. पटांगण संपलं की खाडीकडे उतरती जमीन होती आणि तिथे कोळ्यांचा जुना पाडा. कॉलनीतले लोक पडद्याच्या पुढे सतरंज्या टाकून बसायचे आणि पाड्यातले लोक पडद्याच्या मागे, उतारावर. तसा कुणी नियम केलेला नव्हता, पण पडलेला होता. चादर पातळ असल्यामुळे मागूनही चित्र स्वच्छ दिसायचं, फक्त उलटं. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं.

एका वर्षी पूजेच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये सर उभे राहिले आणि म्हणाले, यंदा माझा सिनेमा लावायचा. व्हिडिओ लायब्रऱ्या गल्लोगल्ली निघाल्या होत्या, पडद्यावर सिनेमा दाखवणारे कमी झाले होते. मुंबईतल्या ज्या दुकानातून रिळं भाड्याने मिळत त्या दुकानदाराने सरांना सांगितलं होतं, की जुना माल तो फेब्रुवारीत मोडीत काढणार, त्यात हा सिनेमाही आहे. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

मंडळाचे अध्यक्ष हवालदिल झाले. "सर, पूजेला इंग्लिश पिक्चर? बायाबापड्या असतात. त्यात पाप्याबिप्या घेतात ते लोक."

"एक आहे," सर म्हणाले. "दुसऱ्या रिळाच्या अलीकडे. मी आधी सूचना देईन, सगळ्यांनी माना खाली घालाव्यात."

"अहो, पण कळणार कुणाला?"

"मी माइकवरून मराठीत समजावून सांगणार."

"आणि फसला म्हणजे?"

"फसला तर पुढच्या वर्षापासून मी मीटिंगला येणार नाही."

यावर ठराव एकमताने मंजूर झाला.

मराठी समजावणी टाइप करण्याचं काम अर्थातच सहा नंबरवर आलं, कारण ते मराठी मशीन होतं. त्रेचाळीस पानं, डबल स्पेसिंग, एक कार्बन कॉपी. सर आठवणीतून सांगायचे आणि मी बडवायचे. 'येथे घोडा बसतो. हे विनोदी आहे.' असं वाक्य मी त्यात सात वेळा टाइप केलं. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, हे आधीच सांगितलं तर लोक हसतील का?" सर माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "अगं, कळलं नाही तर हसतील कसे?"

सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी सर सफारी सूट घालून आणि थंडी म्हणून वर कानटोपी घालून माइकशी बसले. पानांवर टॉर्च धरायला मी शेजारी. पहिल्या रांगेत त्यांनी घरची लोखंडी घडीची खुर्ची मांडली होती, पाठीवर शाल टाकून. ती काकूंची. दोन्ही कर्णे त्यांनी मुद्दाम कॉलनीकडे फिरवून घेतले होते आणि प्रोजेक्टरच्या मशीनवाल्याला बजावलं होतं, की सिनेमाचा आवाज बारीक ठेव, इंग्रजी आहे, नुसता गोंगाट होईल. सुरुवातीला काकू खुर्चीवर टेकल्या. मग प्रसादाचं एक पातेलं तसंच राहिलंय, मागे पाड्यातल्यांना मिळालेलाच नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि काकू ते घेऊन गेल्या. "लवकर ये," सर म्हणाले. दिवे गेले, मशीन घरघरायला लागलं. खुर्ची रिकामीच होती.

"आता एक माणूस गावात प्रवेश करील," सरांचा आवाज चारी बिल्डिंगींवर आपटून परत आला. "त्याच्या हातात पेटी असेल. गावकऱ्यांना वाटेल, आत बंदूक आहे. वास्तविक आत छत्र्या आहेत. या गैरसमजावर पुढील विनोद आधारलेला आहे." पडद्यावर माणूस आला, त्याच्या हातात पेटी होती. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कीर्तनात डोलवावी तशी मान डोलवली. बाकी सगळे गंभीर होते. "आता गोळी सुटेल. घोडा खाली बसेल. हे विनोदी आहे." गोळी सुटली, घोडा बसला. एका बाईने शेजारणीला सांगितलं, "बसला बघा." "हो, म्हणालेच होते ते," शेजारीण म्हणाली.

आणि त्याच क्षणी पडद्याच्या पलीकडून हशा उसळला.

सर थबकले. पुढचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने वाचलं. पुन्हा पुढच्या बाजूला शांतता आणि पुन्हा, बरोबर जिथे यायला हवा तिथे, मागून हशा. पाड्यातली माणसं खो खो हसत होती, पोरं शिट्ट्या मारत होती. कर्णे तिकडे नव्हते, सरांच्या आवाजाचा त्यांना नुसता गुणगुणाट जात असेल. सरांनी माइक जवळ घेतला. "मागील मंडळींनी कृपया शांतता राखावी. पुढील मंडळींना विनोद ऐकू येत नाहीत." मग पापीचा प्रसंग आला. "माना खाली!" सर म्हणाले आणि अख्ख्या कॉलनीने माना खाली घातल्या. मागून जो काही ओरडा झाला, त्यावरून पाड्यातल्यांनी घातल्या नव्हत्या हे कळलं.

मला सरांची फार दया येत होती. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दर पानाला ते एकदा त्या खुर्चीकडे बघत होते. काकू घरी निघून गेल्या असं त्यांनी ठरवून टाकलं असणार. पुढच्या चार बिल्डिंगी आपल्या सिनेमाला हसत नाहीत याचं त्यांना जेवढं वाईट वाटत होतं, त्याच्या दसपट त्या शालीचं वाटत होतं. आणि जितकं वाईट वाटेल तितकं ते जास्त समजावून सांगत होते.

पहिलं रीळ संपलं. मशीनवाल्याने दिवा लावला. सर उठले. "मागे जाऊन त्यांना नीट सांगून येतो," असं पुटपुटत ते माइकची वायर ओढत निघाले, ती बांबूपर्यंत पुरली आणि संपली. माइक तिथेच खाली ठेवून ते पडद्याला वळसा घालून गेले. मी टॉर्च आणि त्रेचाळीस पानं घेऊन त्यांच्या मागे.

उतारावर सगळा पाडा बसला होता. कुणी होडीच्या फळीवर, कुणी गोणपाटावर. आमच्या बिल्डिंगींमध्ये मासे घेऊन येणारी हौसा कोळीण मधोमध होती आणि तिच्या शेजारी, जाळ्यांच्या ढिगावर, काकू बसल्या होत्या. रिकामं पातेलं मांडीत. तोंडावर पदर दाबून धरलेला, खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला आधी वाटलं रडतायत. मग त्यांनी पदर काढला.

"अहो, तो घोडा!" त्यांना धड बोलता येईना. "गोळी सुटली की बसतोच मेला! त्याला बिचाऱ्याला जायचंय पुढे, आणि हा आपला बसतोय!"

सरांचा चेहरा टॉर्चच्या उजेडात मला दिसला. तो मी विसरणार नाही. "हो ना," ते म्हणाले, "आणि आता पुढच्या रिळात काय होतं, की तो घोडा—"

"ओ सर!" हौसाने हात वर केला. "आता काय सांगू नका हां! आमाला बगूं द्या. कवापासून माइकवं नुसती कटकट लावलीय तुमी."

"हौसा!" काकू म्हणाल्या. पण मग सरांकडे वळून हळूच म्हणाल्या, "खरंच नका ना सांगू."

सर तोंड उघडं ठेवून उभे राहिले. एवढ्यात मशीन सुरू झालं. चादरीवर धूळ उडाली, घोडा आला, छत्रीवाला आला, सगळे उलट्या बाजूने. "हे उजवं-डावं सगळं उलट आहे," सर पुटपुटले. काकू म्हणाल्या, "गप बसा हो." सर खाली वाकले, जाळी हाताने चाचपली आणि त्यांच्या शेजारी बसले.

पुढची दोन रिळं मी सिनेमा कमी पाहिला आणि सरांना जास्त. विनोद जवळ आला की त्यांचे ओठ हलायला लागायचे. मग त्यांनी कानटोपी काढली आणि तोंडावर धरून ठेवली. पडद्याकडे ते बघतच नव्हते. तो त्यांना पाठ होता. ते वळून काकूंकडे बघत होते, आणि काकू हसल्या की मग हसत होते, एक शब्द मागून.

तिकडे पुढच्या बाजूला अध्यक्षांनी वायरीवरून माइक परत ओढून घेतला. त्यांना पुढचं माहीत नव्हतं, त्यामुळे "आता घोडा... हां, बसला," असं ते झाल्यावर सांगत होते. थोड्या वेळाने पहिल्यांदा मुलं वळसा घालून मागे आली. मग एक बाई आली. मग लोक सतरंज्याच उचलून यायला लागले, कारण मागच्या बाजूला वेगळा, जास्त चांगला सिनेमा चाललाय अशी पुढे बातमी पसरली. पाड्यातल्यांनी सरकून जागा दिली. तिसऱ्या रिळाला पुढे फक्त अध्यक्ष आणि ते मान डोलवणारे आजोबा उरले होते, आणि आजोबा झोपले होते. छत्री फटकन उघडली तेव्हा खाडीच्या त्या उतारावर जो गलका झाला, तसा मी नंतर मोठमोठ्या थिएटरातही ऐकला नाही.

सिनेमा संपला. दिवे लागले. सर उठले, पँट झटकली, गळ्यापर्यंत आलेला प्रश्न दोनदा गिळला आणि शेवटी विचारलाच. "कसा वाटला?"

काकू पातेलं काखोटीला मारत म्हणाल्या, "इतका छान सिनेमा, तुम्ही मला आधी का नाही हो दाखवलात? मेला तो मुंबईतला कुठलासा दाखवलात. त्यातही छत्रीवालाच होता. पण तो उजवा होता, हा डावखुरा आहे. त्या उजव्यात काही मजा नव्हती."

स्वल्पविराम चुकला तर पान फाडायला लावणारा हा माणूस. आता ते चादर, उजेड, मागची बाजू सगळं सविस्तर समजावून देणार याबद्दल मला शंका नव्हती. त्यांनी सांगायला म्हणून बोटसुद्धा वर केलं. मग ते बोट त्यांनी खाली घेतलं.

"हो," सर म्हणाले. "तो वेगळा होता."

कॉलनीत पुढे महिनाभर दोन तट होते. पहिलं रीळ पाहून रागाने घरी गेलेले लोक म्हणत, सिनेमा बोधपर होता पण कंटाळवाणा. शेवटपर्यंत बसलेले म्हणत, असला हसवणारा सिनेमा झाला नाही. छत्रीवाला उजवा की डावखुरा यावरून एकदा पाण्याच्या टँकरच्या रांगेत भांडण झालं. सरांना निवाडा करायला बोलावलं तर ते म्हणाले, "ज्याने त्याने आपला पाहावा." रिळं परत गेली आणि सांगितल्याप्रमाणे मोडीत निघाली. पुढच्या वर्षी सर मीटिंगला आले. त्यांना कुणी अडवलं नाही.

सर बदलले असं मात्र अजिबात नाही. कुकरच्या शिट्टीची सूचना चालूच राहिली. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी त्यांनी मला काय काय होईल ते दीड तास सांगितलं, तेही माझ्या सासऱ्यांसमोर. फक्त त्या एका सिनेमाची गोष्ट त्यांनी परत कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलं तर काकूच सांगायच्या, मागची घटना पुढे करून, छत्रीवाल्याच्या डाव्या हातासकट, आणि सर शेजारी बसून ऐकायचे. एक अक्षर दुरुस्त करायचे नाहीत.

नव्वदच्या पुढे कॉम्प्युटर आले आणि टायपिंगचे क्लास गेले. सरांची मशीनं वजनावर विकली गेली. मी तोपर्यंत ठाण्याला, नौपाड्यात राहायला आले होते, ऑफिसही तिथेच होतं. एका शनिवारी ऑफिसात सरांचा फोन आला. "सहा नंबर, उद्या दुपारी तीनला ये. कशाला ते विचारू नकोस." कशाला ते सर आधी सांगत नाहीत म्हणजे काहीतरी नक्की बिनसलंय.

मी गेले. दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झालेले, चालणं मंदावलेलं, एरवी ठणठणीत. त्या मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि चहा गाळता गाळता कुजबुजल्या, "अगं, केबलवर तीन वाजता कुठला तरी सिनेमा आहे म्हणून सकाळपासून टीव्ही इकडचा तिकडे करतायत. मला म्हणे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर टीव्हीकडे थेट बघायचं नसतं. ऑपरेशनला दोन वर्षं झाली. डॉक्टर तर असं काही बोलले नव्हते. पण म्हटलं, एवढा खटाटोप केलाय, बसू."

बाहेरच्या खोलीत येऊन बघते तर टीव्ही एका भिंतीला आणि त्याच्यासमोर दुसऱ्या भिंतीला आरशाचं लोखंडी कपाट. मधे तीन खुर्च्या, टीव्हीकडे पाठ आणि आरशाकडे तोंड करून. त्यातली एक ती घडीची, पाठीवर शाल. सर कानटोपी घालून बसले होते. मे महिना होता.

"ये, सहा नंबर. बस," ते म्हणाले. वळायचं नाही, असं त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं.

मी तरी एकदा वळून पाहिलंच. टीव्हीवर धुळीचा रस्ता होता आणि उजव्या हातात लांबोडकी पेटी घेतलेला माणूस येत होता. मी परत आरशाकडे तोंड केलं. तिथे पेटी त्याच्या डाव्या हातात होती.

"अगंबाई," काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "आपला डावखुरा!"

सरांनी कानटोपी काढून हातात घेतली. पडद्यावर गावातली माणसं गोळा झाली, कुणीतरी पिस्तूल वर केलं, घोड्याने कान टवकारले. हा सिनेमा काकूंनी दोनदा पाहिलेला होता, आणि इतक्या वर्षांत त्याची गोष्ट शंभर वेळा सांगितलेली होती. तरी त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "आता काय होणार हो?"

"मला काय माहीत," सर म्हणाले.